पियानोचं बाक घट्ट करूनही पुन्हा डुगडुगतं: कारणं आणि कायमचा इलाज

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "परवाच तर घट्ट करून घेतलं होतं!" नट आवळलेले असतात, सुताराने कोपऱ्यात दोन खिळे मारलेले असतात, कुणी लोखंडी एल-पट्ट्याही ठोकलेल्या असतात. महिना-दोन महिने बरे जातात. मग वाजवणारा खालच्या सुरांकडे झुकला की बाक पुन्हा कुरकुरायला लागतं. पियानो ट्यून करायला वर्षातून एकदा तरी माणूस बोलावतात, पण बाक म्हणजे साधं फर्निचर समजून त्याच्याकडे कुणी बघत नाही. मला हे पटत नाही. बसायची जागा डळमळीत असेल तर वाजवणारा नकळत मांड्या आवळून बसतो, खांदे वर चढतात, मनगट ताठ होतं. लहान मुलांच्या तर ते अंगवळणीच पडतं आणि मग शिक्षक वर्षभर "खांदे सोड, खांदे सोड" म्हणत राहतात.

बाक उभ्या वजनाने क्वचितच मोडतं. ८० किलोचा माणूस सरळ बसला तर चार पायांना ते काहीच नाही. बाक खिळखिळं होतं ते आडव्या जोराने. वाजवणारा सीटच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसतो, डावी-उजवीकडे झुकतो, पेडलसाठी पाय रेटतो. त्याहूनही जास्त नुकसान होतं बाक ओढल्यामुळे. बसल्या बसल्या दोन्ही हातांनी सीट धरून पुढे सरकणं, किंवा एका टोकाला धरून फरशीवरून फरफटवणं, यात सगळा ताण पायाच्या तळाशी लागतो आणि तो सोसावा लागतो वरच्या सांध्याला. पाय ४५ सेंटिमीटर लांब आणि सीटखालच्या चौकटीची पट्टी ८ सेंटिमीटर रुंद असेल, तर तळाशी लावलेला १० किलोचा आडवा जोर सांध्यापाशी ५० किलोच्या वर जातो. पाय ही चांगली लांब तरफ आहे, आणि आपण ती रोज वापरतो.

दुसरं कारण हवामान. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली उतरते, जुलै-ऑगस्टात ती ८० च्या वर असते. मुंबई, वसई, गोवा इथे उन्हाळाही दमट असतो, त्यामुळे चढउतार कमी, पण पावसाळ्यातला ओलावा आत मुरतोच. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. आता बाकाचा कोपरा डोळ्यांपुढे आणा. पायाचे तंतू उभे, चौकटीच्या पट्टीचे आडवे. पावसाळ्यात पट्टी वर-खाली फुगू पाहते, पाय त्याच दिशेने तसूभरही हलत नाही, आणि दोघांना डिंकाने एकत्र बांधलेलं असतं. बीच नावाच्या लाकडाची १० सेंटिमीटर रुंद पट्टी वर्षभरात दोन मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त होऊ शकते. युरोपातून आलेल्या बाकांत बीच खूप आढळतं, आणि ते सागवानाच्या जवळपास दुप्पट हलतं. चाळीस-पन्नास पावसाळे असे गेले की डिंकाचा थर तडकतो. त्यानंतर कितीही आवळा, आत धरून ठेवणारं काही उरलेलंच नसतं. घट्ट करून हे दुखणं जात नाही ते यामुळेच.

आधी नक्की काय हलतंय ते शोधा

पहिली शंका फरशीची घ्या. बाक डुगडुगत असेल तर ते जागच्या जागी अर्धा फेरा फिरवून ठेवा. तोच पाय पुन्हा उचलला गेला तर दोष बाकात. जमिनीवरची तीच जागा पोकळ लागली तर दोष फरशीत, आणि तिथे पायाखाली फेल्टची चकती चिकटवली की काम झालं. खात्री हवी असेल तर बाक स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर ठेवून बघा.

फरशी निर्दोष निघाली की बाक उलटं करून चादरीवर ठेवा. एका हाताने चौकट धरा, दुसऱ्याने पायाचा तळ धरून पुढे-मागे आणि मग डावी-उजवीकडे हलवा. या वेळी नजर तळावर नको, पाय आणि पट्टी जिथे भेटतात त्या रेषेवर हवी. ती रेष केसाएवढी जरी उघडली-मिटली तरी सांधा सुटलेला आहे. चारही कोपऱ्यांत हे करा आणि सुटलेल्या ठिकाणी खडूने खूण करा. बहुतेकदा पुढचे दोन पाय आणि ज्या टोकाला धरून बाक ओढतात ते टोक आधी जातं. रेष उघडत नाही पण आवाज येतो, असं असेल तर दोष झाकणाच्या बिजागरीत, तळाच्या फळीत किंवा सुटलेल्या स्क्रूत असतो. त्याकडे पुढे येऊ.

नटबोल्टने बसवलेले पाय

आजकालच्या स्वस्त बाकांत पाय वेगळे येतात. पायाच्या आतल्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी आटे असलेला बोल्ट असतो. एक टोक लाकडात रुतलेलं, दुसरं टोक कोपऱ्यातल्या तिरप्या लोखंडी पट्टीतून बाहेर आलेलं, त्यावर पंखांचा नट. इथे तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, नट आपोआप सैल होणं. पंखांचा नट काढून टाका. रुंद वॉशर, स्प्रिंग वॉशर आणि षटकोनी नट घाला, किंवा आत नायलॉनची कडी असलेला नट वापरा. पान्याने आवळा, पण पट्टी वाकेपर्यंत नको.

दुसरी गोष्ट फसवी आहे. नट घट्ट, तरी पाय हलतोच. नीट बघितलंत तर लोखंडी पट्टी पायाच्या कोपऱ्याला टेकलेली दिसेल. पट्टी आणि पाय यांच्यामध्ये फट असायलाच हवी, कारण नट त्या फटीतूनच पायाला ओढून चौकटीच्या पट्ट्यांवर दाबतो. लाकूड आकसलं की फट संपते. मग नट लोखंडावर आवळला जातो आणि पाय तसाच मोकळा राहतो. अशा वेळी बोल्ट काढून पायाचा आतला कोपरा पटाशीने दोन मिलिमीटर तासायचा. पाच मिनिटांचं काम आहे. वर्षानुवर्षं आवळूनही न सुटलेली कितीतरी बाकं एवढ्यानेच ताठ उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

तिसरी, बोल्टच पायातून निसटणं. छिद्रात काड्यापेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरण्याची पद्धत बिजागरीच्या बारीक स्क्रूला चालते, इथे चालत नाही. छिद्र १२ किंवा १४ मिलिमीटरपर्यंत वाढवा, त्यात सागवानाचा किंवा दुसऱ्या कठीण लाकडाचा तुकडा डिंक लावून घट्ट ठोका आणि चोवीस तासांनी नवीन बारीक छिद्र पाडून बोल्ट पिळा. तुकड्याचे तंतू बोल्टला आडवे येतील असा तो कापून घ्या. तयार गोल दांडी वापरली तर बोल्ट तंतूंच्या दिशेने घुसतो आणि आट्यांना पकड कमी मिळते. दांडीशिवाय पर्याय नसेल तर फेव्हिकॉलऐवजी दोन नळ्यांचं इपॉक्सी वापरा.

डिंकाने जोडलेलं जुनं बाक

खरं काम इथे आहे. बांद्रा, वसई, मडगाव, म्हापसा इथल्या जुन्या घरांत पियानोबरोबर आलेली, नाहीतर गावातल्याच सुताराने शिसवी-सागवानात बनवलेली बाकं अजून वापरात आहेत. त्यांत पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ पायाच्या खोबणीत बसवलेली असते, किंवा लाकडी खुंट्यांनी सांधा केलेला असतो. जीभ-खोबणीचा सांधा श्रेष्ठ, कारण जिभेच्या दोन्ही गालांवर (सपाट बाजूंवर) तंतूंच्या लांबीने डिंकाला भरपूर जागा मिळते. खुंटीच्या गोल छिद्रात निम्मा घेर तंतूंच्या कापलेल्या टोकांचा असतो आणि तिथे डिंक नीट धरत नाही. म्हणून खुंट्यांची बाकं आधी सुटतात.

नियम एकच आणि तो पाळणं जिवावर येतं: सुटलेला सांधा पूर्ण उकलायचा, जुना डिंक काढायचा, मग नवीन लावायचा. फटीत वरून फेव्हिकॉल पिळून काही होत नाही. वाळलेल्या जुन्या डिंकावर, धुळीवर आणि मेणावर तो चिकटत नाही. स्वतःच्याच वाळलेल्या थरावरही चिकटत नाही. उलट पुढच्या माणसाचं काम वाढतं.

उकलण्याआधी खडूने किंवा कागदी टेपने प्रत्येक पाय आणि पट्टी यांच्यावर जोडीचे आकडे टाका. आधी कोणी मारलेले खिळे शोधून काढा. एखादा आत राहिला तर जीभ फाटते. मग लाकडी हातोडीने, मध्ये जाड कापड ठेवून, थोडं एका बाजूने थोडं दुसऱ्या बाजूने ठोकत सांधा सोडवा. न सुटणाऱ्या सांध्याशी मारामारी करू नका. पक्का असलेला सांधा तसाच राहू द्या.

डिंक कोणता आहे ते कोमट पाण्याच्या थेंबाने कळतं. काही मिनिटांत तो बुळबुळीत आणि चिकट झाला तर तो जुना सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला डिंक. पांढरा आणि रबरासारखा झाला तर फेव्हिकॉलच्या जातीचा. सरस कोमट पाण्याने भिजवून, खरवडून पुसून काढता येतो. फेव्हिकॉलला गरम केलेलं व्हिनेगर लावा, थोडा वेळ थांबा, मग खरवडा. घट्ट बसलेला सरसाचा सांधा सोडवायला काही कारागीर फटीत स्पिरिट सोडतात. त्याने सरस ठिसूळ होऊन तडकतो, हे खरं; पण जुन्या बाकावर बहुधा चपड्याचं (लाखेचं) पॉलिश असतं आणि स्पिरिटचा ओघळ गेला की ते जागीच विरघळतं. त्यामुळे स्पिरिट वापरायचंच तर इंजेक्शनच्या सुईने, थेंब थेंब. खरवडताना लाकूड खाऊ नका. जीभ अर्धा मिलिमीटर जरी बारीक झाली तरी सांधा ढिला पडतो.

मोडलेल्या खुंट्या करवतीने सपाट कापा आणि तेवढ्याच व्यासाच्या ड्रिलने, सहसा ८ किंवा १० मिलिमीटरच्या, पोखरून काढा. नवीन खुंटी रेघा पाडलेली घ्या, म्हणजे डिंक आणि हवा बाहेर पडायला वाट मिळते. छिद्र खुंटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खोल हवं.

आता न चुकवण्याची पायरी: कोरडी जुळवणी. डिंक न लावता सगळं बाक उभं करा आणि हलवून बघा. हाताने दाबून सांधा बसला आणि उचलला तरी निसटला नाही, तर जुळणी बरोबर. लकलकत असेल तर जिभेच्या गालावर विनिअरची पातळ साल चिकटवा, वाळल्यावर तासून बेताची करा. फेव्हिकॉल फट भरून ताकद देत नाही. तो दोन लाकडं एकमेकांना टेकलेली असतील तरच काम करतो.

कुठला डिंक? वारशाचं, मोलाचं बाक असेल तर मी गरम सरसच निवडेन. तो साठ अंशांच्या आसपास लावतात, जुन्या सरसाचा अंश राहिला तरी त्यात मिसळून धरतो, आणि पन्नास वर्षांनी पुन्हा उकलायची वेळ आली तर कोमट पाण्याने सुटतो. मात्र दमट घरात, समुद्राजवळ किंवा भिंतीला ओल येणाऱ्या खोलीत तो टिकत नाही. तिथे पाणी सोसणारा मरीन जातीचा फेव्हिकॉल घ्या. रोज वापरल्या जाणाऱ्या क्लासच्या बाकालाही तोच.

जोडताना आधी दोन आखूड बाजू वेगवेगळ्या जोडा, त्या वाळल्या की लांब पट्ट्यांनी एकत्र करा. एकदम चार कोपरे धरायला गेलात तर डिंक वाळायला लागतो आणि गुण्या (काटकोन) बघायला वेळ उरत नाही. लांब क्लॅम्प नसतील तर सुंभाचा दुहेरी फेरा पायांभोवती घालून मध्ये काठी खुपसून पीळ द्या. पॉलिशवर वळ उठू नये म्हणून दोरीखाली पुठ्ठा ठेवा. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. चोवीस तास त्यावर कुणी बसायचं नाही, पावसाळ्यात छत्तीस म्हणा.

मजबुती कुठे आणि कशी वाढवायची

बाजारातल्या लोखंडी एल-पट्ट्यांवर माझा विश्वास नाही. स्क्रू कोपऱ्याच्या अगदी जवळ येतात, लाकूड हललं की ते आपली छिद्रं रुंद करतात, आणि सहा महिन्यांत पट्टीच खुळखुळायला लागते. त्यापेक्षा कोपऱ्यात कठीण लाकडाचे त्रिकोणी ठोकळे बसवा. ठोकळा दोन्ही पट्ट्यांना पूर्ण टेकला पाहिजे. नाही टेकला तर तो शोभेचा. दोन्हीकडे दोन-दोन स्क्रू, आधी बारीक छिद्र पाडून, डिंकासह.

दुसरी जागा तळाची फळी. स्वरलिपीची पुस्तकं ठेवायच्या कप्प्याला बहुतेक बाकांत तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड चुकांनी (बारीक खिळ्यांनी) ठोकलेला असतो. पाचशे पानांचा कागदी गठ्ठाच अडीच किलोचा होतो. परीक्षेची पुस्तकं, स्केल्स, जुनी अल्बम मिळून दहा-बारा किलो सहज भरतात. हार्डबोर्ड पोट सोडतो आणि चुका उपटून येतात. तो काढून सहा मिलिमीटरचं ओलावा सोसणारं बीडब्ल्यूआर प्लाय लावा. चारही कडांनी आतून लाकडी पट्टी, त्यावर प्लाय डिंकाने आणि स्क्रूने. याचा मोठा फायदा पुस्तकांपलीकडे आहे: कडेकडेने पक्की केलेली फळी चौकटीला तिरपी होऊच देत नाही. एका प्लायच्या तुकड्यात दोन कामं होतात, म्हणून सगळ्या मजबुतीकरणात मला हे सर्वात मोलाचं वाटतं.

एवढं करूनही बाक लांबीच्या दिशेने झुलत असेल, विशेषतः दोघांनी बसायच्या ९० सेंटिमीटरच्या बाकात, तर पायांना खाली जोडणारी दांडी घाला: दोन आखूड बाजूंना एकेक आणि त्या दोघींना मधून जोडणारी एक. तरफेची लांबी तिथेच निम्मी होते. वाजवणाऱ्याच्या टाचा आत जायला जागा राहील अशा बेताने मधली दांडी मागे घ्या.

करकर आणि बाकीची दुखणी

कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड (१९३२–१९८२) आयुष्यभर वडिलांनी करून दिलेल्या, जमिनीपासून सुमारे १४ इंच उंचीच्या खुर्चीवर बसून वाजवत. तिची करकर त्यांच्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येते. त्यांनी ती शेवटपर्यंत सोडली नाही. आपल्या घरातली करकर मात्र काढलेली बरी, कारण हळुवार वाजवताना कान तिकडेच जातो.

सांधे पक्के असूनही आवाज येत असेल तर झाकणाची पियानो बिजागरी, म्हणजे झाकणाच्या लांबीभर जाणारी सलग बिजागरी, बघा. तिचे बारीक स्क्रू एकेक करून सैल होतात. जुन्या छिद्रात बांबूची काडी डिंकात बुडवून बसवा, कापा, पुन्हा स्क्रू पिळा. लांब स्क्रू घालू नका, तो झाकणातून वर निघतो. झाकण चौकटीवर घासत असेल तर कडेला मेणबत्ती चोळा किंवा फेल्टची पट्टी लावा.

खाली-वर होणाऱ्या बाकात दोन्ही बाजूंच्या मुठी फिरवून कैचीची यंत्रणा हलते. तिथे थोडी हालचाल असतेच. ती वाढली तर कैचीच्या खिळ्यांवरचे नट बघा, स्क्रूच्या आट्यांवरचं जुनं काळं ग्रीस पुसून नवीन लावा. यंत्रणा लाकडी चौकटीला धरणारे स्क्रू निसटत असतील तर त्यांच्या जागी आरपार नटबोल्ट घाला. पावसाळ्यात गंजाचा आवाज आणि सैलपणाचा आवाज सारखाच वाटतो, म्हणून आधी ग्रीस, मग पाना.

जुन्या बाकाला बारीक गोल छिद्रं दिसली तर खाली काळा कागद अंथरून काही दिवस थांबा. कागदावर मैद्यासारखी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय सांध्याला हात लावू नका. पोखरलेल्या लाकडात डिंक आणि स्क्रू दोन्ही वाया. आयात बाकांतलं रबरवूड या बाबतीत विशेष नाजूक असतं.

गादी बदलताना उंची मोजा. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२ ते ७४ सेंटिमीटरवर असतात आणि बाक ४८ ते ५०. चाळीस घनतेचा जाड फोम हौसेने घातला तर कोपर पट्ट्यांच्या बरंच वर जातं. त्याच कारणाने, एक पाय लांब वाटतो म्हणून बाकीचे कापत सुटू नका. आखूड पायाखाली फेल्ट वाढवा.

आणि बाक पार्टिकल बोर्डचं किंवा एमडीएफचं निघालं, कोपरे पावसात फुगले असतील, तर त्याच पट्टीत पुन्हा स्क्रू बसवायचा नाद सोडा. भुसा एकदा सुटला की पकड परत येत नाही. पाय आणि सीट बहुधा चांगली असतात. ती ठेवा, मधली चौकट सुताराकडून सागवानात नवीन करून घ्या, पट्टीची रुंदी ८ ऐवजी १० सेंटिमीटर सांगा आणि कोपऱ्यांचे ठोकळे सुरुवातीलाच बसवून घ्या.